चितरीचा केसपेपर

दुसऱ्याच्या कोंबडीला भिंतीवरून "चहा घेतला का?" म्हणून विचारणं, ही काय माणसाची रीत झाली? पुतळाबाईचा सवाल एवढाच होता. सकाळपासून तो तिनं सुनेला विचारला, दूधवाल्याला विचारला, आणि दोघांकडूनही धड जबाब मिळेना तेव्हा भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोलाही विचारला. फोटो नेहमीसारखा गप्प राहिला. मेलेल्या माणसानं गप्प राहावं, हीच रीत. शेजारच्या अप्पारावांच्या घरचं मेलेलं माणूस तेवढं रीत सोडून वागायला लागलं होतं, असं गल्लीचं म्हणणं पडलं.

बरं, विचारणारा कुणी अर्धवट असता तर पुतळाबाईनं मनावर घेतलं नसतं. पण अप्पाराव जंजाळ म्हणजे तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. चारचौघांत शिंकायचं तरी आधी मागंपुढं बघून घेणार. बायकोला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. "ऐकलं का" एवढ्यावर एकेचाळीस वर्षांचा संसार भागवला. "चहा घेतला का" हे तर सरूबाईला जितेपणी एकदाही ऐकायला मिळालं नाही. आणि हा माणूस पुंडलिकनगरात, भर सकाळी, मधल्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून, पुतळाबाईच्या चितरीशी मऊ आवाजात बोलत होता.

आणि चितरी ऐकत होती. खरी अडचण ती होती.

चितरी ही मुळात कुणाचं ऐकून घेणारी कोंबडी नव्हे. दिवसभर अंगण उकरायचं, सुनेच्या कुंड्यांत लोळायचं, अंडं घातलं की अर्धा तास ओरडून सगळ्या गल्लीला त्याची बातमी द्यायची, असा तिचा खाक्या. आज ती भिंतीच्या बुडाशी उभी होती. उभी म्हणजे कोंबडी उभी राहते तशी नाही. छाती वर, शेपटी खाली भुईला टेकलेली, पोट पुढं, पिसं फुगलेली. थेट माणूस उभं राहतं तशी. डोळे अर्धे मिटलेले. मधूनच सगळं अंग आवळून घ्यायची, चोच उघडायची, आणि आवाज काहीच यायचा नाही. वारा पडला होता. भादव्याचं आभाळ गच्चीला टेकल्यासारखं खाली आलं होतं, आणि त्या पिवळट उजेडात ती कोंबडी कुणीतरी आपल्याला आत बोलवील म्हणून थांबल्यासारखी दिसत होती.

उभं राहायची ही तऱ्हा पुतळाबाईनं ओळखली होती. वैशाखात सरूबाई याच भिंतीपलीकडं अशीच उभी राहायची. एक हात भिंतीवर, पोट पुढं. पण पुतळाबाई हे कुणाला बोलली नाही. ती म्हणाली, "खुडूक झालीय. दुसरं काय नाय."

"आत्याबाई, खुडूक कोंबडी बसून राहते," सून शालू म्हणाली. "ही उभी हाय."

"तू मला कोंबड्या शिकवती?"

पुतळाबाईचा जन्म धनगराच्या पालातला. शाळेचं तोंड तिनं दीड वर्ष पाहिलं, त्यातलं निम्मं शाळेत शिरलेली मेंढरं बाहेर हाकताना. पण मेंढीच्या पोटाला हात लावून कोकरू एक का दोन, हे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि अडलेली मेंढी सोडवायला लोक तिला दोन-दोन कोसांवरून न्यायचे. एरवी कोंबडी जरा मलूल दिसली की तिला धरून, बगलेत दाबून, बोटानं चाचपून पुतळाबाई निकाल देऊन मोकळी व्हायची. मग आज ती चितरीपासून चार हात लांब का उभी होती? हे मात्र शालूनं विचारलं नाही. नव्या सुनेला नसतं कळत; शालूला आठ वर्षं झाली होती.

याचं मूळ आदल्या दिवशीच्या ताटात होतं.

सरूबाई जेठात गेली. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून पितृपंधरवड्यात तिची तिथी नवमीची. पहिल्याच वर्षी ताट ठेवावं का वर्षश्राद्ध झाल्यावर, यावरून गल्लीत दोन तट पडले. तिसरा तट समोरच्या लीलाबाईचा एकटीचा: आम्ही बौद्ध, आमच्यात हे काही करत नाहीत, पण करणारच असाल तर खीर जरा घट्ट करा. अप्पारावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ताट ठेवायचं ठरवलं. सगळं नियमानं केलं. एका रकान्यात मात्र अडले. ताटात मयताच्या आवडीचा एक जिन्नस लागतो.

ते भिंतीपाशी आले, खिशातून कागद काढला, निळं पेन उघडलं आणि म्हणाले, "पुतळाअक्का, हिला काय आवडायचं?"

पुतळाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. एकेचाळीस वर्षं जिच्या हातचं जेवला, तिची आवड हा माणूस शेजारणीला विचारतोय. पण आपल्याला विचारलं याचा आतून थोडा मानही वाटला. एकोणीस वर्षं भिंतीवरून रोज दुपारी गप्पा हाणल्या होत्या, काही उगीच नाही.

"भाकरीचा करपलेला पापुद्रा," ती झटक्यात म्हणाली. "रोज दुपारी हातात घेऊन भिंतीला यायची."

अप्पारावांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

नवमीला दुपारी ताट मधल्या भिंतीवर मांडलं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आणि कडेला काळा पापुद्रा. कावळा विजेच्या खांबावर आला, पण ताटाकडं पाठ करून बसला. अर्धा तास गेला. अप्पारावांनी हात जोडून कबुल्या द्यायला सुरुवात केली. बीपीची गोळी वेळेवर घेईन. पोरीकडं पुण्याला चार दिवस राहून येईन. मोरीचा नळ दुरुस्त करून घेईन. कावळ्यानं मान वळवली नाही. नळाची कबुली ऐकून लीलाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. सरूबाई त्या गळक्या नळाखाली सहा वर्षं वाटी लावत होती.

तेवढ्यात चितरी भिंतीवर उडाली. शालू "हाड हाड" करत धावली, पण पोचेपर्यंत चितरी ताटापुढं उभी होती. तिनं खीर बघितली, सोडली. वडा बघितला, सोडला. मान वाकडी करून तिनं करपलेला पापुद्रा उचलला, अप्पारावांकडं एका डोळ्यानं बघत बघत तो सगळा खाल्ला, आणि उतरली. खांबावरचा कावळा उडून गेला. आपलं काम दुसऱ्यानं केलं की कारकून उठतो, तसा.

ताटाला कोण येऊन शिवलं, ते गल्लीनं तिथंच ठरवून टाकलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चितरी ही अशी उभी.

दुपारपर्यंत पुतळाबाईच्या अंगणावरचा पुतळाबाईचा हक्क गेला होता. गल्लीतल्या बायका येत होत्या, चपला फाटकाबाहेर काढत होत्या, आणि पुतळाबाईनं तिच्याच अंगणात चपला घातल्या म्हणून तिच्याकडं बघत होत्या. एकीनं चितरीला हळदीकुंकू वाहिलं. दुसरीनं "सरूवैनी, माझा चुकून राहिलेला डबा तुमच्याकडंच हाय का?" असं विचारून घेतलं. पुतळाबाईनं सवयीनं "ए भवाने, सरक तिकडं" म्हटलं, तर चौघींनी मिळून तिला दटावलं. मेलेल्या माणसाला भवानी म्हणतात व्हय? स्वतःच्या कोंबडीला शिवी द्यायची चोरी. असला अपमान पुतळाबाईच्या सात पिढ्यांत कुणाचा झाला नसेल.

लीलाबाई तेवढी फाटकाच्या बाहेरूनच बोलली. "हे बघ पुतळाबाई, आम्ही भूतबीत मानत नाय. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातनं सोडवलं. कोंबडीला काहीतरी दुखतंय, डॉक्टरला दाखव."

"खुडूक हाय ती."

"असंल. पण तेवढं तिचं तोंड भिंतीकडं फिरव. सकाळपासून माझ्याच खिडकीत बघती."

संध्याकाळी बायका गेल्यावर अंगण रिकामं झालं. पुतळाबाईनं मूठभर ओवा कुटला, गुळात कालवला, आणि वाटी लांबूनच काठीनं चितरीपुढं सरकवली. चितरीनं डोळे उघडले. वाटीत बघितलं. मग मान वर करून पुतळाबाईकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

वैशाखातली ती दुपार पुतळाबाईला लख्ख आठवली. सरूबाई इथंच, भिंतीला हात लावून उभी होती. म्हणाली होती, "पुतळाबाई, पोटात गोळा अडकल्यागत वाटतंय गं. ह्यांना म्हणलं तर म्हणतेत, उन्हाळा सरला की बघू." आणि पुतळाबाई, तांदूळ निवडता निवडता, मानही वर न करता म्हणाली होती, "वारा धरला आसंल. ओवा खा."

जेठात सरूबाईला शेवटची अंघोळ घालताना पोटावरून पाणी सोडणारा हात पुतळाबाईचाच होता. त्या हाताला काय लागलं, ते तिनं आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

ओव्याची वाटी तशीच राहिली. पुतळाबाई घरात गेली आणि तिनं उगीचच शालूला दोन गोष्टी सुनावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितरीचा तुरा जांभळट पडला होता. डोळे उघडत नव्हते. भिंतीपलीकडून अप्पाराव खालच्या आवाजात म्हणत होते, "ऐकलं का... काय दुखतंय?"

ते शब्द ऐकले आणि पुतळाबाईला काय झालं कुणास ठाऊक. तिनं पदर खोचला, बाजाराची कापडी पिशवी काढली आणि शालूला म्हणाली, "घाल तिला ह्याच्यात. चल दवाखान्यात." स्वतः मात्र पिशवीचं तोंड लांबून धरलं.

"मीपण येतो," अप्पाराव म्हणाले. "नवरा... म्हणजे, शेजारी म्हणून."

रिक्षात पिशवी अप्पारावांच्या मांडीवर. चितरीचं डोकं बाहेर, ताठ. उस्मानपुऱ्याच्या सिग्नलला रिक्षावाल्यानं आरशात तिसऱ्यांदा बघितलं.

"खालाजान, एक बात बोलूँ? बुरा नको मानो. ये मुर्गी बहोत देर से मेरेकूच देख रई. इसका मूँ जरा उधर फेरो ना."

"तू समोर बघून चालव ना बाबा," पुतळाबाई म्हणाली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात खिडकीमागं एक बाबू होता. त्याच्याकडच्या फॉर्मवर गाय, म्हैस, शेळी, कुत्रा असे रकाने होते. कोंबडी नव्हती.

"कोंबडी इतरमध्ये येते," तो म्हणाला. "पण इतरला मालकाचं आधार लागतं."

"आधार घरी हाय. कोंबडी मरायला लागली," शालू म्हणाली.

"मग आधी आधार आणा, मग..."

पुतळाबाई तोंड उघडणार होती, आणि ते उघडलं असतं तर त्या खिडकीला काच राहिली नसती. पण अप्पारावांनी हात वर केला. कार्यालयाचा वास नाकात गेल्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सरळ झाले होते. "आधार नंतर सादर करण्याच्या अटीवर असं लिहून घ्या," ते म्हणाले. "फॉर्म मी भरतो." बाबूनं फॉर्म दिला. एवढ्या वर्षांत कुणी स्वखुशीनं त्याचा फॉर्म भरायला मागितला नव्हता.

अप्पारावांनी निळं पेन काढलं. टपोरं, वळणदार अक्षर. मालकाचं नाव: पुतळाबाई. पत्ता: पुंडलिकनगर. पुढं रकाना होता: रुग्णाचं नाव. तो कुत्र्यावाल्यांसाठी असतो. बाकीचे मोकळा सोडतात. पण तहसिलीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मोकळा रकाना बघवत नाही. पेन थोडा वेळ कागदावर थांबलं, आणि मग चाललं.

बाबूनं फॉर्म उलटसुलट केला. "कै. सरूबाई अप्पाराव जंजाळ. कै. म्हणजे काय?"

"कैलासवासी."

बाबूनं चष्मा काढला. पिशवीतल्या चितरीकडं बघितलं. चितरीनं त्याच्याकडं बघितलं. "काका, मेलेल्या जनावराला केसपेपर निघत नाही. पोस्टमॉर्टेमचा फॉर्म वेगळा आहे. आणि ही तर जिवंत दिसते."

"हो."

"मग कै. कसं?"

मागं रांगेत बोकड घेऊन आलेला एकजण पुढं वाकून फॉर्म बघायला लागला.

"कै. खोडा," बाबू म्हणाला. "आणि खाडाखोडीवर सही करा."

अप्पारावांनी निळं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. त्यांनी लाल पेन काढलं, दुरुस्ती लाल शाईत करतात म्हणून, आणि त्या एका अक्षरावर आडवी रेघ ओढली. मग रेघेच्या टोकाला बारीक सही केली. कागदोपत्री सरूबाई अप्पाराव जंजाळ आता हयात होती.

बाकावर तिघं ओळीनं बसली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एका जागी उड्या मारत होता. पिशवीत चितरी आवळत होती, सैल पडत होती, आवळत होती, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही.

आतून शिपायानं पुकारा केला, "सरूबाई अप्पाराव जंजाळ! सरूबाई हैत का?"

आणि दीड दिवस मुकी असलेली चितरी बोलली. मोठ्यानं नाही. हलक्या, लांबलेल्या, बाईमाणसानं आतल्या खोलीतून "ओ" द्यावी तशा आवाजात.

बोकडवाला बोकड घेऊन बाहेर गेला. अप्पाराव उभे राहिले, आणि त्यांना पुढं पाऊल टाकता येईना. शेवटी पिशवी पुतळाबाईनं उचलली. दोन दिवसांत पहिल्यांदा चितरीचं ओझं तिच्या हाताला लागलं. गरम होतं.

डॉक्टर अमृता म्हणून पोरसवदा बाई होत्या. त्यांनी हातमोजा चढवला, चितरीला टेबलावर घेतलं आणि एका मिनिटात निकाल दिला. "अंडं अडकलंय. मोठं आहे. मावशी, दोन दिवस ही अशी उभी आहे आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्ही तर जाणत्या दिसता."

पुतळाबाईला टेबलाखाली जावंसं वाटलं. "खुडूक वाटली," ती म्हणाली.

"काय दिलं हिला?"

शालूनं पायाकडं बघत सांगितलं, "ओवा."

डॉक्टरबाई हसल्या. "ओव्यानं काय होणार, मावशी? अडकलेलं आतच राहणार ना." हसण्यात वाकडं काही नव्हतं. पण पुतळाबाईनं टेबलाची कड धरली ती बोटं पांढरी होईपर्यंत.

कॅल्शियमचं इंजेक्शन झालं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, घरी नेऊन कोमट पाण्यात पोट बुडेल असं बसवा, तेल लावा, अंधारी शांत जागा द्या. पोट दाबायचं नाही. आत अंडं फुटलं तर संपलं. हातानं नुसता आधार द्या, तिची कळ आली की कळेल. संध्याकाळपर्यंत सुटलं तर वाचेल.

घरी आलं तर आधाराआधी पाण्याचीच अडचण. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस बाकी, ड्रम तळाला गेलेला. अप्पाराव घरात गेले आणि हंडाभर पाणी तापवून आणलं. दुसऱ्या हातात पितळी घंगाळ होतं. चितरी बसेल एवढं दुसरं भांडं दोन्ही घरांत नव्हतं.

ते घंगाळ पुतळाबाईनं ओळखलं. जेठात सरूबाईच्या शेवटच्या अंघोळीला त्यातलंच पाणी घेतलं होतं. तेव्हापासून ते पालथं होतं.

पुतळाबाईच्या न्हाणीघरात दिवा न लावता तिघं शिरली. लीलाबाई दाराबाहेर उभी राहिली, अंगणाकडं तोंड करून. पुतळाबाईनं बाह्या सारल्या. हात पाण्यावर आला आणि थांबला.

"आत्याबाई, मी धरू का?" शालू म्हणाली.

"तुला काय ठाव?" पुतळाबाई म्हणाली, आणि हात पाण्यात घातला.

पोटाखाली तळवा गेला. गोळा लागला. तसाच, टणक, एका बाजूला सरकलेला. तिचे डोळे मिटले. घंगाळ तेच, कोमट पाणी तेच, आणि हाताखाली तीच गोष्ट. फक्त या वेळी वर काळीज धडधडत होतं. ते दाण्यागत बारीक काळीज तिला बोटांना लागत होतं. ती हळूच बोलायला लागली. शालूला आधी वाटलं मंत्र म्हणतेय. मग ऐकू आलं, "कर गं बाई, कर जोर. हाय मी. कुठं जात नाय. हाय इथं."

पाणी दोनदा बदललं. खोबरेल तेलाची बाटली अर्धी झाली. बाहेर उजेड उतरायला लागला. अप्पाराव कोपऱ्यात हंडा धरून उभे, आणि त्यांचे ओठ हलत होते. कळ यायची, जायची. एकदा चितरीची मान खाली पडली, आणि लीलाबाई दाराबाहेरून म्हणाली, "गेली का?" शालूनं चितरीची मान उचलून धरली.

मग पुतळाबाईच्या तळव्याखाली काहीतरी फिरलं. मेंढीच्या पोटात कोकरू वाटेला लागतं तसं. "आलं," ती म्हणाली. चितरी ताठ झाली, चोच उघडली, आणि पाण्यात डबकन आवाज झाला.

पुतळाबाईनं वर काढलं. मुठीपेक्षा मोठं, चुन्याच्या भिंतीसारखं खरबरीत, पांढरंफटक अंडं. चितरी घंगाळात उभी राहिली, सगळ्यांच्या अंगावर पाणी झटकलं, आणि अशी काही ओरडली की दोन गल्ल्या पलीकडं कुत्री भुंकायला लागली. लीलाबाई बाहेर टाळ्या वाजवत होती. "म्हणलं नव्हतं मी? भूतबीत काय नसतं!"

अप्पारावांनी अंडं दोन्ही हातांत घेतलं. कानापाशी नेलं. हलवलं. आत टक असा आवाज झाला. ते दचकले, हातातलं अंडं घंगाळाच्या काठावर आपटलं आणि फुटलं. पांढरं ओघळलं, पिवळं ओघळलं, आणि त्यांच्या तळहातावर उरलं ते दुसरं अंडं. अख्खं. तपकिरी, कवचासकट.

टाळ्या बंद झाल्या. लीलाबाईनं आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा अंगणाकडं तोंड केलं.

शालूनं फोन काढला. शोधून वाचायला लागली. "असं होतं म्हणे. अडकलेलं अंडं मागं सरकतं, अन् त्याच्यावर दुसरं अंडं चढतं. लई कमी होतं, पण होतं."

"अक्का," अप्पाराव कुजबुजले, "हिचं काहीतरी आत राहिलं होतं. सांगायचं." आणि ते खाली वाकले. "ऐकलं का... चहा..."

चितरीनं त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ती टुणकन बाहेर पडली, ओल्या पायांनी अंगण ओलांडलं, आणि दोन उड्यांत भिंतीवर गेली. सरूबाई हात टेकायची नेमक्या त्या जागी उभी राहिली, मान वाकडी करून अप्पारावांच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायला लागली. वाट बघत.

सगळी तिच्यामागं अंगणात आली होती. पुतळाबाई जागच्या जागी थबकली. एकोणीस वर्षं सरूबाई पापुद्रा हातात घेऊन भिंतीला यायची, बरोबर. जाताना हात मोकळे असायचे, तेही बरोबर. पण ती तो चावताना? पुतळाबाईनं आठवून बघितलं. एकदाही नाही. पापुद्रा भिंतीवरून खाली पडायचा, आणि या चितरीच्या, तिच्या आधीच्या कोंबड्यांच्या पोटात जायचा.

अप्पाराव भिंतीपाशी गेले होते. चितरी आता वळून दोघांकडं बघत होती, एका डोळ्यानं, पापणी न हलवता. त्यांनी हात पुढं केला, तिला दोन्ही हातांनी धरून पलीकडं वळवायला.

"अप्पा," पुतळाबाई म्हणाली, "ऐका. मी दोनदा सांगणार नाय. ही सरू नव्हं. ही कोंबडी हाय. दोन दिवस उभी राहून सांगत व्हती, माझ्या पोटात अडकलंय, अन् आपण तिला हळदीकुंकू वाहिलं. सरूनंबी सांगितलं व्हतं. तुमी म्हणले, उन्हाळा सरला की बघू. मी म्हणले, ओवा खा. पापुद्रा तिला आवडत नव्हता, अप्पा. तेवढाच वाट्याला यायचा, अन् तोबी ती हिला टाकून द्यायची. तिला काय आवडायचं ते तुमालाबी ठाव नाय अन् मलाबी नाय. काय नकू व्हतं, तेवढं या कोंबडीला ठाव. तवा हात काढा. फिरवू नका तिचं तोंड. बघू द्या तिला आपल्याकडं."